खांबाला सांगितलेल्या गोष्टी

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणीतरी म्हणणारच की बाईच्या मनात अढी आहे. आहे. लग्न होऊन दिग्रसला आले त्या पहिल्या आठवड्यात ती बसली आणि अजून निघालेली नाही. माझ्या माहेराहून, बोरी अरबहून, रुखवतात आलेली पितळी घागर त्यांनी बोटाने वाजवून पाहिली आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, "पातय हाये." घागर चांगली जाड होती. पण नव्या सुनेने बोलायचं नसतं.

नव्याच नाही, जुन्याही सुनेने बोलायचं नसतं. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. ते ओसरीवर असले तर आपण मागच्या दाराने जायचं, समोर आलेच तर पदर नाकापर्यंत ओढायचा. काही सांगायचंच असलं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. तिसरं माणूस नसलं तर चुलीला, भिंतीला, दाराला सांगायचं. "जेवाले वाढलं म्हना," असं मी दाराच्या कडीला सांगत असे. तेही रीत पाळत. "भाजीत मीठ नाई म्हनावं," असं ते मांजराला सांगत. ते मांजर घरातला सगळ्यात माहितगार प्राणी असावं. घर असंच चालत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

भासऱ्यांचा धंदा कापसाचा. खेड्यांतून, तांड्यांतून कापसाच्या बैलगाड्या येत, त्यांचा कापूस ते घेत आणि सरकी काढायला जिनात पाठवत. जुन्या घरासमोर गाड्या रस्त्यातच उभ्या राहत. धूळ उडे, येणारेजाणारे शिव्या घालत, पोलीस येऊन हात पसरत. तेव्हा एकोणीसशे साठच्या सुमारास त्यांनी ठरवलं की सिमेंटचं घर बांधायचं. नुसतं सिमेंटचं नाही, खांबांवर उभं. खाली चारी बाजूंनी मोकळा गाळा, त्यात गाड्या थेट आत येतील, आणि वर दोन मजले राहायला. "खाली गाडी, वर माडी," असं त्यांनी स्वतःच जुळवलं होतं आणि भेटेल त्याला ऐकवत होते. ऐकणारा हसला नाही तर पुन्हा ऐकवत.

खांब ओतले ते ऐन वैशाखात. मिस्त्री बाहेरगावचा, घाईचा माणूस. उन्हात माल घट्ट व्हायला लागला की तो घमेल्याने पाणी ओतायचा. जाऊबाई आणि मी मजुरांचा चहा घेऊन गेलो, तेव्हा तो माल पातळ पिठल्यासारखा साच्यात उतरताना मी पाहिला. मिस्त्री खूश होता. म्हणाला, "पातय असलं का झपाझप उतरते." खांब उघडे झाले तेव्हा त्यांना गोणपाटं गुंडाळायची आणि ती ओली ठेवायची, असं त्यानेच सांगितलं. पण आमच्या विहिरीने तळ दाखवला होता. भासऱ्यांनी मांजराला सांगितलं, "स्लॅबवर पानी थांबते, तिथं घाला. खांब उभे हायेत, त्यायच्यावर पानी थांबतच नाई तं घालून काय फायदा?" मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. पण तहानलेल्या माणसाच्या पोटातही पाणी थांबत नाही, म्हणून त्याला पाजायचं नाही का, हे मी दाराच्या कडीला विचारलं. खांब कोरडेच राहिले.

मग स्लॅब ओतायचा दिवस. भासऱ्यांचा माणूस घरोघरी जेवणाचं आवतण देत फिरला, "उद्या आमचा स्लॅब पडून राह्यला, जेवाले या." पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी आत्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हळदीची पुडी कमरेला खोचून धापा टाकत आली आणि दारातच विचारू लागली, "कोनाले लई लागलं तं नाई नं?" सगळे पोट धरून हसले. भासरे हसले नाहीत. त्यांच्या घराच्या बाबतीत पडण्याची गोष्ट कोणी काढलेली त्यांना चालत नसे. म्हातारीला त्यांनी जेवायला शेवटच्या पंगतीत बसवलं.

घर उभं राहिलं. वर जाड विटांच्या भिंती, फरशी, नळ, आणि सगळ्यावर गच्चीत सिमेंटची मोठी टाकी. गावात त्यावेळी असं घर नव्हतं. ते छान दिसत होतं, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड आमच्या वाट्याला आलं. कोपऱ्यावरची खोली माझ्या मुलीची. ती तेव्हा परकर-पोलक्यातली होती आणि खिडकीतून अख्खा बाजार दिसतो म्हणून नाचली होती.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. भरलेली गाडी दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, आणि चाकाच्या बाहेर आखाचं टोक निघालेलं असतं. रस्त्यावरून गाळ्यात वळताना ते टोक कोपऱ्यातल्या खांबाला खरडायला लागलं. एका गाडीचं चाक अडकलं, बैल गुडघ्यावर आले. गाडीवान जवळच्या तांड्यावरचा. भासऱ्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो बिचारा खाली उतरून म्हणाला, "मालक, गाडी तं जेवढी हाये तेवढीच हाये. ते कमी कशी करू?"

भासऱ्यांनी विचार केला. गाडी कमी होत नाही, मग खांब कमी करायचा. दुसऱ्या दिवशी छन्नी-हातोडा घेऊन गवंडी आला. "खांब आडवा येऊन राह्यला," असं भासरे सगळ्यांना सांगत होते. खांब आपल्या जागी उभा होता, आडवी येत होती गाडी, पण हे त्यांना कोण सांगणार? गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आख जिथे लागत होता तिथे, खांबाची आतली बाजू चांगली ओंजळभर खोल फोडली. आतल्या लोखंडी सळया उघड्या पडल्या. सळयांना आवळून बांधलेल्या बारीक सळईच्या रिंगा मध्ये आल्या, त्या करवतीने कापल्या. सळया घणाने ठोकून आत वाकवल्या. मग वर गिलावा केला, त्यावर हिरवा ऑइलपेंट फासला. एवढ्यावर थांबले नाहीत. गाडी वळवायला आणखी सोयीचं व्हावं म्हणून त्या रांगेतला पुढचा खांब आणि आतला एक, असे आणखी दोन खांब त्याच मापाने कोरले. बाजारात भासऱ्यांना भाऊ म्हणत. लोकांनी नाव ठेवलं, भाऊंच्या खांबांले कंबर आली. लांबून लोक कंबर पाहायला येत. भासऱ्यांना वाटायचं, कौतुक चाललंय.

माझा धाकटा भाऊ सरकारी ओव्हरसियर होता, दारव्ह्याकडे पुलांच्या कामावर. त्या हिवाळ्यात तो मला भेटायला आला. गाळ्यातून वर येताना त्याने सहज खांबाच्या कमरेला हात लावला आणि तिथेच थबकला. दुसऱ्या खांबाला हात लावला. वर माझ्या स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"बाई, हे कोनं केलं?"

मी सांगितलं. मग त्याने मला समजावलं. तो चांगलं समजावतो, मास्तर व्हायला हवा होता. म्हणाला, घराचं वजन नुसतं उभं खाली येतं, तोवर हे खांब कसेबसे पेलतील. पण भूकंप झाला तर जमीन आडवी हलते. वरचे दोन मजले भिंतींमुळे पेटीसारखे घट्ट आहेत, ते हलून तुटणार नाहीत. खाली मात्र भिंतच नाही, नुसते पाय. वरची सगळी पेटी, टाकीसकट, एका बाजूला ढकलली जाणार आणि तो सगळा जोर या पायांनी सोसायचा. "डोक्श्यावर भरला हंडा घेतलेल्या बाईचे पाय लटपटले तं हंडा फुटते का बाई पडते? दोन्ही." आणि खांब वाकायचा तो नेमका फोडलाय तिथेच वाकणार. रिंगा सळयांना धरून ठेवतात, आतलं काँक्रीट बांधून ठेवतात. रिंगा नाहीत तर सळया बाहेर फुगतात, आतला माल भुगा होऊन सांडतो, आणि वरचे मजले अख्खेच्या अख्खे खाली येऊन बसतात.

मी विचारलं, उपाय काय. तो म्हणाला, अवघड काहीच नाही. हा गिलावा काढायचा, नव्या रिंगा बांधायच्या, खांबाभोवती चारी बाजूंनी सळया उभ्या करून तो पुन्हा चांगला जाड भरून घ्यायचा, आणि या वेळी रोज पाणी घालायचं. जमलं तर खांबांच्या मध्ये दोन-चार ठिकाणी भिंती घालायच्या. गाड्यांसाठी बाहेरच्या जागेत टिनाची छपरी टाकायची. "एका उन्हाळ्याचं काम हाये," तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. भासऱ्यांशी मला बोलता येत नव्हतं, पण याला येत होतं. हा पुरुष होता, पाहुणा होता, शिकलेला होता, आणि सरकारी नोकर होता.

जेवायला पाटावर बसल्यावर भासऱ्यांनीच त्याला विचारलं, "काय ओव्हरसियरसाहेब, कसं वाटलं घर?"

मी दाराआड वाढणीचा डाव हातात धरून उभी होते. माझ्या भावाने भाताचं आळं केलं, त्यात वरण ओतून घेतलं, आणि म्हणाला, "मजबूत हाये, भाऊसाहेब. अन् आपल्याकडे कुठं भूकंप होते?"

भासऱ्यांनी त्याला आग्रह करून आणखी दोन पुरणपोळ्या वाढायला लावल्या. मीच वाढल्या. जिन्यात मी त्याला गाठलं. म्हटलं, तुझ्या तोंडात वरण होतं का बोळा? तर म्हणतो, "त्यायच्या घरात बसून त्यायले नावं कशी ठेवू? तुलेच तरास होईल." माझा त्रास वाचवायला त्याने माझ्या लेकराला त्या पेटीत ठेवलं आणि संध्याकाळच्या एसटीने तो निघून गेला. त्याची शेवया-पापडांची पिशवी मी मुद्दाम भरली नाही. पुढे कित्येक वर्षं राखीला त्याला नुसता दोरा पाठवला, सोबत एक ओळही नाही.

मग मी खांबाशी बोलायला लागले. दुसरं करणार काय? दुपारी भासरे गाळ्यात गादीवर बसलेले असत. मी पाण्याचं निमित्त काढून खाली उतरे आणि कोपऱ्यातल्या खांबासमोर उभी राहून त्याला मोठ्याने सांगे. "खांबा, तुह्या रिंगा कोनं कापल्या रे? रिंगा नाईत तं तू सयांले कसा धरशीन? धरती हालली तं वरची लेकरं कोनाच्या भरवशावर?" भावाने जे जे सांगितलं होतं, ते सगळं मी खांबाला शिकवलं. छपरी बाहेर टाका, हेही सांगितलं. खांबाभोवती पुन्हा काँक्रीट भरा, हेही सांगितलं. भासरे पेपर तोंडासमोर धरत. पेपर उलटा असला तरी धरत. कधी मांजराला म्हणत, "वरच्या मानसायले काम कमी दिसते."

गाडीवान हसत. जाऊबाई हसत नसत, पण बोलतही नसत. त्या आमच्या खाली पहिल्या मजल्यावर राहत आणि नवऱ्याचा शब्द खाली पडू देत नसत. माझा नवरा मला म्हणाला, "लोक हासून राह्यले. तू खांबासंग कायले बोलतं?" मी म्हटलं, मग तुमी भावासंग बोला. तो बाहेर निघून गेला. भावासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. असा नवरा पदरी पडला की बाईला खांब तरी बरा वाटतो. खांब निदान जागचा हलत नाही.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, ढाणकीला दिली. सदुसष्टच्या हिवाळ्यात तिला दिवस गेलेले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. भासऱ्यांचा तिच्यावर जीव होता, हे मात्र खरं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्यांनी कोपऱ्यावरच्या तिच्या खोलीला आपण उभं राहून चुना मारून घेतला, खिडकीला नवा पडदा लावला. त्याच कोपऱ्याखाली कमरेचा खांब होता. मी तो पडदा पाहिला की खाली उतरून खांबाला पुन्हा रिंगांचं ऐकवी.

डिसेंबरात एके दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली, कोयनेकडे भूकंप झाला. माणसं दबली, घरं बसली. गाळ्यात दिवसभर तीच चर्चा. कोणी म्हणे, आमच्या फळीवरची भांडी वाजली. कोणी म्हणे, खाट हलली. मला काही जाणवलं नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू? पण तिकडच्या लोकांनाही आदल्या दिवसापर्यंत वाटतच असणार की आपल्याकडे कुठे भूकंप होतो. हेच वाक्य माझा भाऊ भात कालवताना बोलला होता.

नागपूरचा पेपर एसटीने आला, तो भासऱ्यांनी मांडीवर घेऊन मोठ्याने वाचला. दगडमातीची घरं पडली, असं त्यात होतं. ते विजयी झाले. "पाहा. दगड-माती गेली. सिमेंट म्हंजे सिमेंट. हे घर हत्तीवानी उभं हाये." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या पाठीमागे चार हातांवर तो हिरवा, कंबर असलेला खांब होता. एकानेही मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. माझा नवरा वजनकाट्याजवळ उभा होता. त्यानेही पाहिलं नाही.

मी वर जिन्यात उभी राहून हे ऐकत होते. मला भयंकर राग आला. मुलगी चार दिवसांत येणार होती. मी पदर खांद्यावर होता तसाच ठेवला आणि खाली उतरले. गाड्या उभ्या होत्या, कापूस उतरत होता, काट्यावर माणसं होती. मी गादीसमोर जाऊन उभी राहिले.

आणि तोंड उघडलं तर माझ्या लक्षात आलं की यांना हाक काय मारायची, हे मला ठाऊक नाही. भाऊजी, दादा, मामाजी, काहीच नाही. इतकी वर्षं बोलणंच नव्हतं तर हाक कुठून असणार? मग हाकेशिवायच बोलले.

"मी तुमाले सांगून राह्यली. खांबाले नाई, तुमाले. माही पोर त्या खोलीत बायंत होनार नाई. खांब कापले तुमी, ते पैले नीट करा. रिंगा बांधा, भरून घ्या. गाड्या बाहीर उभ्या करा. तवर एक जीव वर राह्यला नाई पायजे, तुमीबी नाई."

काटा डोलत राहिला. गाडीवानांनी माना खाली घातल्या. माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं होतं, आता खांबाबद्दल काहीतरी बोलणं निघेल. हो म्हणतील, नाही म्हणतील, ओरडतील. भासऱ्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग ते माझ्याकडे न पाहता खांबाकडे वळले.

"खांबा," ते म्हणाले, "त्यायले सांग, मले आजपावतर कोनं काई सांगतलं नवतं. अन् आज ज्या रीतीनं सांगतलं, ते म्या आयकलं नाई."

कोणीतरी फिसकन हसलं. मी वर आले.

संध्याकाळी नवरा आला तो दारातच उभा राहिला. निरोप असा होता की वरच्या माणसांना भीती वाटते, तर त्यांनी खाली उतरावं आणि दुसरीकडे राहावं. घर भासऱ्यांच्या नावावर होतं. बाजारात दुसऱ्या दिवशी एकच विषय होता आणि तो भूकंप नव्हता. धाकटी भासऱ्याला तोंडावर बोलली, डोक्यावर पदर नव्हता, एवढंच लोकांना दिसलं. खांबाचं काय, असं मला कोणी विचारलं नाही. जाऊबाई भांडी बांधायला मदत करायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हेच बोलनं तुमी रीतीनं बोलल्या असत्या तं." मी त्यांना विचारलं, कोणत्या रीतीनं, मांजराच्या का खांबाच्या? त्या घागर उचलून निघून गेल्या.

मागच्या गल्लीत कवेलूचं, म्हणजे कौलारू, एक बसकं घर भाड्याने मिळालं. मातीच्या भिंती, लाकडी आढं. हेही काही भूकंपाला पुरून उरणारं नव्हतं, मला ते कळत होतं. पण त्यातून दोन ढांगांत अंगणात येता येत होतं आणि डोक्यावर दोन मजले नि टाकी नव्हती. मुलगी उमरखेड, पुसद करत एसटीने आली आणि सवयीने आधी मोठ्या घरी गेली. तिथे चुना मारलेली खोली पाहिली, पडदा पाहिला, मोठेबाबांच्या, म्हणजे भासऱ्यांच्या, पाया पडली, आणि माझ्याकडे रडत आली. "तुहं अन् मोठेबाबाचं भांडन हाये आई, माहं काय? मले तिथं नळ होता." मी तिला खांब समजावायला गेले तर तिने कान झाकले. तिचं बाळंतपण त्या बसक्या घरात झालं, सुखरूप झालं, मुलगी झाली. भासऱ्यांनी डिंकाचे लाडू पाठवले. तिने ते खाल्ले, आणि माझ्याशी मात्र बारशापर्यंत कामापुरतंच बोलली. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं, आणि तरीही मी तिला पुन्हा त्या खोलीतून हलवलंच असतं.

आमची पोरं सुटली, असं म्हणून मी श्वास सोडते न सोडते तोच कळलं की वरचं बिऱ्हाड भाड्याने गेलं. हायस्कुलात नवे मास्तर आले होते अमरावतीकडून, बायको आणि दोन लहान लेकरं घेऊन. ती बाई बाजारात भाजी घेताना दिसली. कडेवरच्या पोराच्या डोळ्यांत काजळ होतं. घरी आले पण मला जेवण जाईना. एका दुपारी भासरे जिनात गेले, ते पाहून मी तिच्याकडे गेले.

तिने मला ओळखलं. बसायला चटई टाकली, चहा ठेवला. कोपऱ्यावरच्या खोलीत तिचं धाकटं पांगुळगाडा ढकलत होतं आणि थोरलं खिडकीतून बाजार पाहत होतं. या वेळी मी रागाने बोलले नाही. भावाने मला समजावलं होतं तसं समजावलं. वरची पेटी, खालचे पाय, हंडा, रिंगा, सळया. उपायही सांगितला, आणि तो होईपर्यंत दुसरं घर बघा म्हटलं. माझ्या मागच्या गल्लीत एक घर रिकामं आहे, हेही सांगितलं. तिने मध्ये तोंड घातलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, शेवटी एका माणसाला पटलं.

तिने कपात चहा गाळला, बशी माझ्यापुढे सरकवली आणि हसून म्हणाली, "काकू, मोठ्या भाऊंनं पैल्याच दिवशी सांगतलं होतं का तुमी येसान अन् हे सांगसान. रिंगाचं सांगसान, सया फुगते म्हनसान, खांब पुन्हा भरा, छपरी बाहीर टाका म्हनसान. हंड्याचंबी त्यायनं सांगतलं होतं. लई हासलो आमी. म्हने, भांडन झालं म्हनून बोलते."

सगळं होतं त्यात. मी खांबाला जे जे म्हणून सांगितलं होतं, त्यातला एक शब्द सुटलेला नव्हता. हंडा तर माझ्या भावाने माझ्या स्वयंपाकघरात सांगितला होता, मी तो खांबाला एकदाच सांगितला असेन. तोही त्यांच्या ध्यानात होता.

मी चहा प्यायले. पांगुळगाडा माझ्या गुडघ्याला लागला तो बाजूला केला. जिना उतरून खाली आले तेव्हा रस्त्यावरून एक भरलेली गाडी वळत होती. मी जिन्याला लागून उभी राहिले. गाडीवानाने बैलांची शेपटी पिळली आणि गाडी कोपऱ्यातल्या खांबाला कुठेही न घासता आरामात आत गेली.